बाई नाचायच्या कशा?

मावशीची शोकसभा गोरेगावातल्या एका हॉलमध्ये झाली. देहदान केलेलं असल्यामुळे दहावं-तेरावं काही नव्हतंच, जे काय ते हेच. टेबलावर फोटो, फोटोला सुताचा हार, उदबत्ती नाही. सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून साने गुरुजींची प्रार्थना म्हटली. सत्तरी-ऐंशीची माणसं, खुर्चीच्या पाठीला धरून उठलेली, पण सूर एका दमात लागला आणि शेवटच्या ओळीला कोणीही मागे रेंगाळलं नाही. मग भाषणं झाली. ध्येयवादी, निरलस, समर्पित. एका वृद्ध कार्यकर्त्यांनी सांगितलं की दौऱ्याचा हिशेब बाईंच्या वहीत असला की त्यात पैशाची चूक सापडायची नाही. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तिच्या फळ्यावरच्या अक्षराची आठवण काढली, तेव्हा माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला. कोणी आणीबाणीत तुरुंगात पोचवलेल्या डब्यांबद्दल बोललं, कोणी पाण्यासाठी काढलेल्या मोर्च्यांबद्दल. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा, म्हणजे गावोगाव नाच-गाणी-नाटकं करणाऱ्या चमूचा, उल्लेखही जवळजवळ प्रत्येकाने केला. "कलापथकाच्या माध्यमातून त्यांनी समाजप्रबोधनाचं मोठं काम केलं." एवढं वाक्य झालं की बोलणारा पुढच्या मुद्द्याकडे वळायचा.

नाचायची कशी, ते कोणी बोललं नाही.

परतीच्या लोकलमध्ये मला हे टोचत राहिलं. गाणारी बाई गेली असती, तर निदान एकाने तरी तिच्या आवाजाबद्दल काही म्हटलं असतं. अक्षर आठवलं, हिशेब आठवला, डब्यातली भाजीसुद्धा आठवली. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तिला नाचताना पाहिलेलं होतं, काहीजण तर तिच्याबरोबर एकाच रिंगणात होते. ती माणसं काही कृतघ्न नव्हेत. तिच्यावर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या बोलण्यात धडधडीत दिसत होतं. फक्त तिचं नाचणं ही वेगळी काढून बोलायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. आणि माझ्याकडे तरी सांगायला काय होतं? भर उमेदीतली मावशी मी रंगमंचावर पाहिलेलीच नाही. तिचं चित्रीकरण कुठे नाही. फोटो आहेत थोडे, कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेले. त्यात नऊवारीतल्या बायकांची रांग एकाच कोनात झुकलेली असते आणि लेझमीच्या हालचालीमुळे निम्मे चेहरे पुसट आलेले असतात. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते बरंचसं ऐकीव आहे. थोडं तिच्याकडून, थोडं आईकडून, आणि थोडं तिच्या म्हाताऱ्या शरीरात शिल्लक होतं त्यावरून.

१९४१ साली सेवा दल सुरू झालं तेव्हा मावशी जेमतेम चालायला शिकलेली होती. पुढे दहा-बारा वर्षांनी ती शाखेत गेली ती खो-खोसाठी. नाच तिच्या ध्यानीमनीही नव्हता. संध्याकाळी मैदानावर खेळ संपला की मोठ्या मुली लेझीम घ्यायच्या. हलगी वाजवणारा मुलगा एकदा मुद्दाम ठेका बदलून मुलींना चकवत होता, आणि मावशी तेवढी चकली नाही. बस्स, तिची निवड झाली. आजोबा रेल्वेत कारकून, आठ जणांचा संसार दोन खोल्यांत. मुलीने चारचौघांत नाचायचं ही गोष्ट त्या घरात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. पण आजोबांच्या मनात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही समाजवादी पुढारी माणसं म्हणजे देवमाणसं. त्यामुळे मुलगी नाचते असं त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नाही. ती सेवा दलात जाते, असं ते म्हणायचे. शेजाऱ्यांना तेच सांगायचे, तिच्या लग्नाच्या बोलण्यांतही तेच सांगितलं गेलं. मावशीला याचं हसू यायचं. "बाबांनी माझा एकही कार्यक्रम चुकवला नाही, आणि मला नाचताना एकदाही पाहिलं नाही," असं ती म्हणायची. सेवेच्या नावाखाली तिला जे मिळालं ते त्या काळात तिच्या वयाच्या, तिच्या घरच्या मुलींना क्वचितच मिळालं असेल: गाव सोडून रात्री-बेरात्री प्रवास, मुलांबरोबर तालमी, हजार-दोन हजार लोकांसमोर उभं राहणं. शोकसभेत मला खटकलं ते याचंच दुसरं टोक असावं. ज्या नावावर परवानगी मिळाली, सगळं त्याच नावावर जमा झालं.

त्याच सुमाराला दुसरी एक वाट उघडत होती. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, मध्यमवर्गी घरांतल्या मुली कथक शिकायला जाऊ लागल्या. तिथे गुरू होते, घराणं होतं, वर्षानुवर्षांचा रियाज होता, आणि एक दिवस एकटीने रंगमंचावर उभं राहणं होतं. कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलेलं असायचं. मावशीला गुरू कोण? एक हलगीवाला, एक डहाणूकडचा तारपा वाजवणारा म्हातारा, ज्याच्याकडे ही पोरं चार दिवस जाऊन राहिली होती, वेसाव्याच्या कोळणी, आणि शिबिरांतून भेटलेल्या मुली, कोणी सोलापूरची, कोणी मालवणची. जिला जे येतं ते तिने बाकीच्यांना शिकवायचं. नाव विचारलं तर कलापथक एवढंच. घोषणा करणारासुद्धा "आता पुण्या-मुंबईच्या सेविका सादर करीत आहेत" एवढंच म्हणायचा. मला हे पूर्वी फार थोर वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही, आणि तसं न वाटण्याचा अधिकार मला आहे का, याचाही नीट उलगडा होत नाही.

दौऱ्यांच्या गोष्टी मात्र तिच्याकडून कितीही वेळा ऐकाव्यात. एसटीच्या टपावर पेट्या, पेटीत लेझमी, त्या रस्ताभर छनछन वाजत राहायच्या आणि कंडक्टर वैतागायचा. मुक्काम शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून सतरंज्यांवर. जेवायला गावात दोन-दोन जणींची वाटणी. संध्याकाळी मैदानात गॅसबत्त्या टांगल्या जायच्या, त्यांचा तो सततचा फुसफुस आवाज, रॉकेलचा वास, आणि उजेडावर झेपावणारे किडे, जे सफेदा लावलेल्या तोंडाला चिकटायचे. ताल चुकवून ते काढायचे नाहीत. लाउडस्पीकर असला तर असला, नसला तर गाणाऱ्यांनी घसा ताणायचा. शाहीर अमर शेखांना तिने शाळकरी वयात ऐकलं होतं, कम्युनिस्टांच्या लालबावटा कलापथकाचे ते लोक म्हणजे यांचे राजकीयदृष्ट्या दुसऱ्या गोटातले. पण माइकशिवाय मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तो आवाज सांगताना मावशीच्या पक्षनिष्ठेला चक्क तडा जायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत तर कोण कुठल्या गोटातलं हे गावकऱ्यांना कळायचंही नाही. डफ वाजला की लोक जमायचे.

तिला गावं आठवायची ती जमिनींवरून. हे मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. एखाद्या गावाचं नाव निघालं की आई विचारायची, "अगं, तिथे ते अमक्यांच्या घरी उतरलो होतो ना?" आणि मावशी म्हणायची, "घर नाही लक्षात, पण अंगण काय होतं!" शेणाने सारवलेलं, दोन दिवस वाळलेलं अंगण सगळ्यात उत्तम. पायाला धरतं, पण अडवत नाही. काळ्या मातीचं रान वाईट, टाच रुतते. फरशी सगळ्यात लबाड, दिसायला सुंदर आणि रात्री पोटऱ्या दगड. शाळेची टेबलं जोडून केलेल्या रंगमंचाचा तिला मनापासून राग होता, कारण दोन टेबलांमधल्या फटीत एका मुलीचा अंगठा अडकला होता आणि ती मुलगी रक्त गळत असताना शेवटपर्यंत नाचली होती. लोकांनी त्याचं फार कौतुक केलं. मावशी म्हणायची, "कौतुक कसलं? टेबलं नीट बांधायची ना." मला वाटतं, नाच हा तिच्यासाठी पायाच्या तळव्यात होता. बोलताना तिचे हात मांडीवर शांत असायचे, पण पायाची बोटं चपलेत हलायची.

आता गोफ. गोफाबद्दल मला जरा सावकाश लिहायचं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी नाही, पाहिला असेल त्यांच्यासाठीच. कारण पाहणाऱ्याला गोफात दिसतो तो रंग. वर कडी, कडीला लोंबणाऱ्या रंगीत फिती, खाली प्रत्येकाच्या हातात एकेक टोक, निम्मे उजवीकडे तोंड करून निघतात, निम्मे डावीकडे. एकाला बाहेरून घालायचं, पुढच्याला आतून, एकाची फीत डोक्यावरून, पुढच्याची हाताखालून. वर वेणी उतरू लागते आणि लोक टाळ्या वाजवतात. पण नाचणाऱ्याच्या बाजूने बघा. वेणी जशी उतरते तशी प्रत्येकाची फीत आखूड होत जाते, म्हणजे रिंगण आवळत येतं. ठेका तोच राहतो, वाट मात्र कमी होते. त्यामुळे पाऊल हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता लहान करत न्यावं लागतं, आणि ते सगळ्यांनी सारख्याच मापाने. एकीने जरी पहिल्याच मापाची पावलं टाकली तरी ती पुढच्या माणसावर जाऊन आदळते. फीत ताणलेली हवी, पण ओढलेली नको. ढिली पडली तर वेणी पोकळ येते, ओढली तर समोरच्या बाजूच्या माणसाचा हात वर खेचला जातो आणि त्याला कळतच नाही की का. मग सगळ्यात अवघड काम म्हणजे सोडवणं. तीच चाल उलटी. विणताना झालेली चूक विणताना कधी कधी दिसत नाही. ती सोडवताना गाठ होऊन समोर येते आणि सगळं रिंगण थांबतं. चूक कोणाची ते प्रेक्षकांना कळत नाही, नाचणाऱ्यांना मात्र बरोबर कळतं.

कलापथकात गोफाची धुरा मावशीकडे असायची. धुरा म्हणजे काय, तर पहिलं पाऊल तिचं आणि माप तिचं. बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं नाही, बघितलं की चुकतं. तिने मध्ये असून सगळ्यांना अंगाने कळत राहायचं. तिच्या बरोबरीच्या एक बाई शोकसभेनंतर चहा पिताना मला म्हणाल्या, आणि हे त्या व्यासपीठावर बोलल्या नाहीत, "ती असली की गोफात हाताला फीत जडच लागायची नाही. ती नसलेल्या कार्यक्रमात लागायची." एवढंच. मग त्यांनी बिस्किट कुठे मिळतं ते विचारलं. तिच्या नाचण्याबद्दल नेमकं, कामाचं असं मला मिळालेलं हे एकच वाक्य, आणि तेसुद्धा बघणाऱ्याला कधीच न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. ती चांगली नाचायची याचा पुरावा दुसऱ्यांच्या हाताला लागलेला हलकेपणा. आता हे शोकसभेत कोण आणि कसं सांगणार?

नाटकातली मावशी मात्र दिसायची, चांगली ठसठशीत दिसायची. पु. लं.नी सेवा दलाच्या कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिलं, व्यंकटेश माडगूळकरांची वगनाट्यं तिथे उभी राहिली, वसंत बापटांची गाणी तर घराघरांत होती. तमाशाचा साचा घ्यायचा, गण-गौळण-बतावणी-वग ठेवायचा, आणि आत निवडणूक, सावकारी, अस्पृश्यता असा माल भरायचा. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची एक म्होरकी असते, तिचं नाव मावशी. फडात ते काम पुरुष करतो, बोबडं बोलून, कंबर हलवून. आमच्या मावशीने ते काम बाई म्हणून केलं, पंचविशीच्या आत, गालात सुपाऱ्या धरून. कृष्णाचा सवंगडी पेंद्या याच्याशी होणाऱ्या जुगलबंदीत ती रोज थोडी भर घालायची, त्या गावच्या सरपंचाचं नाव आधी विचारून ठेवायची आणि बरोबर जागेवर टाकायची. मला वाटतं, रिंगणात जे तिला करता येत नव्हतं ते ती इथे वसूल करत होती. घरात लग्नकार्य असलं की सगळे मागे लागायचे, आणि ती पदर कंबरेला खोचून तो आवाज काढायची. आम्हा मुलांना बरीच वर्षं वाटत होतं की तिला सगळे मावशी म्हणतात ते त्या कामामुळेच.

त्या कलापथकातून बाहेर पडून किती जण कुठे कुठे गेले. निळू फुले गेले, दादा कोंडके गेले. पुण्याच्या कलापथकातली लहानशी स्मिता पाटील गेली. सुधा वर्दे कलापथकात नाचल्या आणि त्यांची मुलगी झेलम परांजपे ओडिसीची गुरू झाली, मैत्रिणीच्या नावाने तिने स्मितालय काढलं. मावशीलाही एकदा विचारणा झाली होती, एका व्यावसायिक नाटकासाठी. ती गेली नाही. का गेली नाहीस, हे मी तिला वेगवेगळ्या वयात विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. मी शाळेत असताना ती म्हणाली, "पैसे घेऊन नाचायचं आमच्यात नव्हतं." कॉलेजात असताना म्हणाली, "तुझ्या काकांना चाललं नसतं." आणि शेवटी शेवटी, एका दुपारी, भाजी निवडताना, अगदी सहज, "एकटीला जमलं नसतं गं मला. बाजूला कोणी नसलं की माझे हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही." तिन्ही उत्तरं खरी असावीत. मला तिसरं आवडत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते.

मग महापालिकेची शाळा. सकाळची पाळी, चौथीचा वर्ग, साठ-पासष्ट पोरं. तिथे तिने वर्षानुवर्षं काय केलं, तर कवायत, लेझीम, आणि दर वर्षीचं स्नेहसंमेलन. इथे मला थोडं कडू लिहावं लागेल. शिक्षिका म्हणून मावशी कडक होती, काही वेळा नको इतकी. सिनेमाचं गाणं संमेलनात घ्यायचं नाही, हा तिचा नियम. मुलं हिरमुसायची. पालक मुख्याध्यापकांकडे जायचे. बाकीच्या वर्गांची पोरं चकाकत्या कपड्यांत धमाल करत असताना हिच्या वर्गातली पोरं गंभीर चेहऱ्याने धनगरी गजा करायची. एकदा तालमीत एक मुलगी सारखी ठेक्याच्या पुढे जात होती. उत्साही होती बिचारी. मावशीने तिला रांगेतून काढून पडदा ओढायच्या कामावर बसवलं. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडे होते, तालमीला बरोबर गेले होते. ती मुलगी रडलीही नाही, नुसती दोरी धरून बसली. घरी येताना मी म्हटलं की तिला मागच्या रांगेत तरी ठेवायचंस. मावशी म्हणाली, "मागची रांग म्हणजे काय कचरापेटी आहे?" तेव्हा मला ते उत्तर फार बाणेदार वाटलं होतं. आज वाटतं, त्या मुलीला कदाचित एकटीनेच नाचू द्यायला हवं होतं. रांगेत न मावणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर मावशीकडे नव्हतं. तिला ज्या शाळेने घडवलं त्या शाळेकडेही ते नव्हतं.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात लेझीम होती. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, चाळीतली अर्धी माणसं तिथे. महाराष्ट्राची पोरं मैदानात उतरली तेव्हा सगळे ओरडले आणि मावशी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, मागच्यांचं दिसणं बंद झालं. कोणीतरी म्हणालं, "बाई, बसा की." ती म्हणाली, "थांबा, डाव्या कोपऱ्यात एक जण अर्धा ठेका मागे आहे." इतक्या पोरांत तिला तो एक दिसला. आई हा किस्सा हसत सांगते. मला मात्र त्यात काहीतरी केविलवाणंही दिसतं. बाईला एवढा मोठा सोहळा दिसला नाही, तो एक दिसला.

तिच्या तोंडून एकदाच मी तिच्या नाचाबद्दलचं तिचं स्वतःचं मत ऐकलं, आणि ते मी मागितलेलं नव्हतं. विठाबाई नारायणगावकर गेल्या त्या वेळी, म्हणजे २००२ च्या जानेवारीत, पेपरातली बातमी वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं की १९७० च्या आसपास कधीतरी जुन्नरकडे एका जत्रेत ती विठाबाईंचा तमाशा बघायला गेली होती. कनातीत बायका नव्हत्याच, ही आणि मामांच्या घरची एक, मागे अंधारात, डोक्यावरून पदर घेऊन. "ती बाई समेवर यायची ना, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडायचा. आम्ही समेवर यायचो ते मोजून. ती मोजत नव्हती." मग थोड्या वेळाने, पेपराची घडी घालत, "आमचा नाच झाला की लोक काय म्हणायचे माहितेय? काय शिस्त आहे! नाच बघून कोणी शिस्त म्हणतं का गं?"

मी काय बोलणार होते.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही, हेही सांगायला हवं. तिचं मन असं एका बाजूला कलंडून राहणारं नव्हतं. ती म्हणाली, विठाबाईला त्या नाचावर अख्खा फड पोसायचा होता, लोकांच्या शिट्ट्या आणि नको ती बोलणी झेलायची होती. मला महिन्याच्या महिन्याला पगार होता, आणि मी नाचले की लोक हात जोडायचे. आम्ही तमाशाचा साचा घेतला, त्यातली गाणी धुऊन-पुसून घेतली, आणि ज्या बायकांचा तो साचा होता त्यांच्याशेजारी बसायला मात्र पदर घेऊन अंधार शोधला. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या त्या बाईला शेवटच्या आजारपणात पैशाची विवंचना होती, हे पेपरात होतंच. मावशीने दुसऱ्या दिवशी कुठेतरी मनीऑर्डर केली. कोणाला, किती, ते सांगितलं नाही. हिशेबाच्या वहीत ती नोंद मी नंतर शोधली, सापडली नाही. पैशाची चूक न करणाऱ्या बाईने तेवढी एक नोंद केलेली नव्हती.

म्हणजे ती चांगली नाचायची की नाही? मी हा लेख लिहायला बसले तेव्हा मला वाटत होतं की हो म्हणायचं आहे, ठणकावून म्हणायचं आहे, त्या हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आता लिहिता लिहिता लक्षात येतं आहे की तिला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती. विठाबाईंच्या मापाने तिने स्वतःला कवायतीत टाकलं. रोहिणीताईंच्या मापाने तर तिला मोजताच आलं नसतं. उरतं ते त्या चहा पिणाऱ्या बाईंचं माप, हाताला फीत जड न लागण्याचं. त्या मापाने ती उत्तम होती. अशा नाचणाऱ्यांना पदकं देता येत नाहीत, कारण पदक कोणाच्या गळ्यात घालायचं ते बघणाऱ्याला ठरवता येत नाही. पण निदान त्यांच्या मृत्यूनंतर कोणीतरी उठून म्हणावं की बाई छान नाचायच्या. समाजप्रबोधन वगैरे त्यानंतर.

गुडघे गेल्यावर ती टीव्हीवरचे नाचाचे कार्यक्रम बघायची, आवाज बंद करून. गाण्यामुळे लक्ष विचलित होतं म्हणे. परीक्षक रडायला लागले की चॅनेल बदलायची. एखादी पोरगी हवेत उलटी कोलांटी मारून खाली आली की म्हणायची, "हं, उडी चांगली. आता नाच." आणि मागे जी नाचणारी मंडळी असतात, एकसारख्या काळ्या कपड्यांतली, ज्यांची नावं कोणी घेत नाही, त्यांच्याकडे बोट दाखवून, "ती बघ, तिसरी. तिच्यामुळे सगळं चाललंय." तिच्याबरोबर बसून मला मागचेच लोक बघायची सवय लागली. नटाकडे लक्षच जात नाही आता. सिनेमा बघताना त्याचा त्रास होतो, पण इलाज नाही.

तिच्या घरातून आम्हाला फारसं काही मिळालं नाही. पुस्तकं तिने आधीच वाटली होती, साड्या कामाच्या बाईंना गेल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लेझमी होत्या, गंजलेल्या, आणि एका पिशवीत गोफाच्या फिती, गुंडाळ्या करून, प्रत्येकीला सुतळी बांधलेली. लाल आणि हिरवा बऱ्यापैकी शाबूत, पिवळा पार उडालेला. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता कल्याणच्या पुढे एका शाळेत शिकवते, तिने फोन करून मागितल्या आणि मी देऊन टाकल्या. संमेलनात बसवते आहे म्हणाली. परवा तिचा पुन्हा फोन आला, शाळेतूनच, मागे पोरांचा आरडाओरडा, हलगीऐवजी कोणीतरी बाक बडवत होतं. विणून होतं, म्हणाली, पण सोडवताना हमखास गाठ पडते, दर वेळी जवळपास त्याच जागी, काय करायचं? मी नाच शिकलेली नाही. पण मावशीच्या तालमी बघितल्यात, म्हणून सांगितलं की पोरं फितीकडे बघत असणार, त्यांना समोरून येणाऱ्याच्या खांद्याकडे बघायला सांग. ती म्हणाली, ते सांगितलंय, बाईंनी आम्हालाही तेच शिकवलं होतं, पण खांदे सारखे कुठे आहेत, एक पोरगा ताडमाड आहे आणि त्याच्यासमोरची पोरगी एवढीशी, त्याला तिच्या हाताखालून जाताच येत नाही, फीत ओढली जाते. त्याला काढू का? म्हटलं, काढू नकोस. मावशी उंच पोरांना गुडघ्यात वाकून नाचायला लावायची, पहिल्या पावलापासून, नुसतं खालून जातानाच नाही. पोटऱ्या दुखतात, दोन दिवस कुरकुर करेल. तिने फोन तसाच चालू ठेवून त्या पोराला हाक मारली.